पांढऱ्या सांडणीचा आकडा

पडद्यावर तीनशे बारा हा आकडा उमटला तेव्हा माझ्या तोंडात गरम तळलेला बाउरसाक होता आणि मी तो चावायचा विसरले. शंभराच्या आत आकडा म्हणजे जनावर ठणठणीत. शंभराच्या वर म्हणजे ब्रुसेला जंतूची लागण. आणि हा आकडा होता उल्बोसिन आपांच्या पांढऱ्या सांडणीचा.

"पुन्हा बघ," मी तोगझानला म्हटलं.

"बघितलं, ताते. दोनदा."

मी रायखान, बोजसाय गावची पशुवैद्य. सव्वीस वर्षं हेच करतेय. करातौ डोंगराच्या या पायथ्याशी माझ्यावर थुंकला नाही असा उंट शोधून सापडायचा नाही. मला राग लवकर येतो हे गावाला ठाऊक आहे, पण त्या सकाळी तो यंत्रावर, त्या पोरीवर आणि स्वतःवर असा तिहेरी आला. हे यंत्र आमच्या गावात आणा म्हणून चार महिने अर्जांवर अर्ज मीच खरडले होते.

का खरडले, तेही सांगते. उंटाचं रक्त काढायचं म्हणजे चार बाप्ये, दोन दोर आणि दिवसभराच्या शिव्या. रक्ताची बाटली शहरात जाते, उत्तर तीन आठवड्यांनी येतं, आणि तोवर अख्खं गाव त्याच जनावराचं शुबात मिटक्या मारत पितं. शुबात म्हणजे सांडणीचं आंबवलेलं दूध; ते उकळत नाहीत. त्यामुळे जनावराचा रोग सरळ माणसात उतरतो. गेल्या वर्षी शाळेतल्या बाई पाच महिने तापानं आणि सांधेदुखीनं अंथरुणाला खिळल्या होत्या. म्हणून अल्माटीच्या प्रयोगशाळेतली ही तोगझान जेवणाच्या डब्याएवढं यंत्र घेऊन आली आणि म्हणाली, "ताते, मला फक्त थेंबभर दूध द्या आणि बारा मिनिटं द्या," तेव्हा मला तिचा मुका घ्यावासा वाटला होता.

यंत्राची गंमत अशी. नखाएवढी एक चिप असते. तिच्यावर मेलेल्या जंतूचे तुकडे चिकटवलेले असतात. जनावर आजारी असेल तर त्याच्या दुधात त्या जंतूला पकडणारे पहारेकरी तयार झालेले असतात. ते येऊन त्या तुकड्यांना घट्ट धरतात. मग वरून तपकिरी पाण्याचा थेंब टाकायचा. त्या पाण्यात लोहचुंबकाचे इतके बारीक कण असतात की आपल्या केसाच्या जाडीत हजार दाटीवाटीनं बसतील. ते कण पहारेकऱ्यांना चिकटतात. नंतर सगळं धुवून टाकायचं. जे चिकटलं ते राहिलं, बाकीचं गेलं. चिपच्या पोटात धातूचे पातळ पापुद्रे असतात, आणि जवळ चुंबक आला की त्यांतून वाहणाऱ्या विजेला होणारा अडथळा किंचित बदलतो. तो बदल मोजायचा, म्हणजे झाला आकडा.

"पण दूधच का?" मी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"कारण दुधात साय असते, केस असतात, काड्या असतात," ती म्हणाली होती. "उजेडानं मोजणारी यंत्रं त्यात गोंधळतात. माझं यंत्र फक्त चुंबक बघतं. आणि दुधात काहीही सापडेल, चुंबक सापडायचा नाही." हे बोलताना तिचा चेहरा असा खुलायचा की ऐकणाऱ्यालाही भूक लागावी.

तीन दिवसांत एकोणीस घरं झाली. लोक प्लास्टिकच्या बाटल्यांतून दूध आणून देत होते. दोन जनावरं सापडली. दोन्ही आधीपासून माझ्या संशयाच्या यादीत होती. तोगझान खूश, मी खूश. चौथ्या दिवशी उल्बोसिन आपांचं घर आलं.

आपा चौऱ्याहत्तर वर्षांच्या. पाच मुलींनंतर सहावी झाली म्हणून आईबापांनी नावच ठेवलं उल्बोसिन, म्हणजे 'मुलगा होऊ दे', आणि त्या नावाचा सूड म्हणून की काय, आपांनी आयुष्यभर गावातल्या कुठल्याही पुरुषाचं ऐकलं नाही. नवरा गेला, मुलगे शहरात गेले, त्यांच्याकडे सहा सांडण्या उरल्या. त्यांतली पांढरी ही कळपाची म्होरकी. ती पुढे चालली की बाकीच्या चालतात, ती पाण्याला गेली की बाकीच्या जातात. तिचं दूध आटलं तर आपांचं घर बसेल, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

आता अंगणात जिल्ह्याच्या कार्यालयाचा ट्रक उभा होता. निरीक्षक येसेनगेल्दी चाचणीचा शेवटचा दिवस बघायला स्वतः आले होते. जाडजूड माणूस, सूर्यफुलाच्या बिया सोलत बोलणारा. नियम त्यांनीच घातला होता: चाचणीच्या काळात यंत्रानं ज्या जनावराला पकडलं ते त्याच दिवशी विलगीकरणाच्या आवारात जाणार, रक्ताचा अहवाल येईपर्यंत. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण त्या आवारात आजारी जनावरंच भरलेली असतात. धडधाकट गेलेलं तीन आठवड्यांत आजारी होतं. तिथं गेलेलं जनावर परत आलेलं मी सव्वीस वर्षांत पाहिलेलं नाही.

"तीनशे बारा," येसेनगेल्दींनी आकडा वाचला आणि ड्रायव्हरला खूण केली. "डॉक्टर, नाव लिहा यादीत. बाराला निघायचंय."

मी लिहिलं. काय करणार? आकडा माझ्यासमोर होता.

ड्रायव्हर मुरलेला गडी. त्यानं सांडणीला हातही लावला नाही. तिचं दोन महिन्यांचं पिल्लू उचललं आणि ट्रकमध्ये चढवलं. आई पिल्लामागं आपोआप येते. पांढरी ट्रकच्या फळीपाशी येऊन मान वर करून ओरडायला लागली. तो आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला मी सांगू शकणार नाही.

आपा घरातून आल्या. ट्रककडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"रायखान, माझं घर घाण निघालं म्हणे?"

"घराचा काय संबंध, आपा? रोग आहे, कुणालाही होतो."

"कुणालाही होऊ दे. माझ्याकडे नाही. सगळं गाव प्लास्टिकच्या बाटल्यांतून दूध देतं तुम्हाला, शी. मी लाकडाच्या बादलीत काढलं. पहाटे उठून बादलीला तीनदा धुरी दिली. म्हटलं, शिकलेली माणसं भिंगातून बघणार, आपल्या भांड्याचं हसं व्हायला नको."

"आपा, धुरीनं रोग जात नाही," मी करवादले.

"मग कशानं जातो, तुझ्या यादीनं?"

राग गिळायला मी वही उघडली. आपांच्या सहा जनावरांचे आकडे मी एकाखाली एक लिहिले होते. तीनशे बारा. अठ्ठ्याऐंशी. सत्तावन्न. एकतीस. एकोणीस. बारा. मी ते वाचले, वही मिटली, आणि परत उघडली.

"आपा, सकाळी आधी कुणाला पिळलंत?"

"हे काय विचारणं झालं? म्होरकी आधी. मग तपकिरी, मग बुटकी, मग..." त्यांनी ज्या क्रमानं नावं घेतली त्याच क्रमानं माझ्या वहीत आकडे उतरत गेले होते. रोग कधी दूध काढायच्या रांगेनं उतरत नाही.

"तोगझान," मी म्हटलं, "ते यंत्र उघड. तुझ्या चिपच्या पोटात काय चाललंय ते मला दाखव. नुसता आकडा नको."

ती वही बघत उभी राहिली आणि तिला माझ्याआधी कळलं. पोरीनं यंत्र मांडीवरच घेतलं. पडद्यावर आकड्याच्या जागी छत्तीस चौकोन आले. बत्तीस चौकोनांखाली जंतूचे तुकडे होते. कोपऱ्यांतले चार कोरे होते, त्यांच्यावर काही चिकटवलेलंच नव्हतं. तिथं काळोख हवा होता. ते चारही उजळले होते.

"कोरे का पेटलेत?" मी विचारलं.

"पेटायला नकोत."

"ते मला कळतंय. पेटले का?"

"ताते, मी त्यांच्याकडे बघतच नव्हते." तिचा आवाज बारीक झाला. "यांचा आकडा बाकीच्यांतून वजा करायचा असतो. प्रयोगशाळेत तो कायम शून्य यायचा, म्हणून मी वजा करणंच काढून टाकलं. दुधात चुंबक नसतोच ना."

पुढचं तिनं स्वतःच सुचवलं, आणि तिथं मला तिचं कौतुक वाटलं. तिच्याकडे आठ डब्या शिल्लक होत्या; एका डबीत एक चिप, एकदाच वापरायची. तिनं एक फोडली, पांढरीचं सकाळचं दूध टाकलं, आणि तपकिरी पाणी टाकलंच नाही. कणांशिवाय यंत्रानं शून्य दाखवायला हवं होतं. बारा मिनिटं आम्ही दोघी त्या डब्यावर डोकं घालून बसलो. येसेनगेल्दी मागून म्हणाले, "काय शिजतंय तिथं?"

दोनशे अठ्ठ्याण्णव.

"दुधात चुंबक आहे," तोगझान म्हणाली. एखाद्याला घरात वाघ दिसावा तशी ती बोलली. आणि मग एकदम उठून उभी राहिली. "ताते, दुधात चुंबक आहे. कुठून आला? भांडं कुठाय? आपा, बादली कुठाय तुमची?"

बादली दारापाशी उपडी होती. जुन्या लाकडाची, आतून काळी कुळकुळीत. तोगझाननं आपल्या पेटीतला जाडा चुंबक काढला, त्यावर पातळ पिशवी चढवली आणि बादलीच्या आतून फिरवला. बाहेर काढला तेव्हा पिशवीवर काळी लव उभी राहिली होती, मांजराच्या शेपटीसारखी. मी बोट लावलं. काजळी होती, आणि चुंबक हलवला की तीही हलत होती. मला हसूच फुटलं. सव्वीस वर्षं मी त्या बादलीतलं शुबात पितेय.

"धुरी कशाची देता?" तोगझाननं विचारलं.

"तबिल्गीच्या झुडपाच्या मुळांची. दुसऱ्या कशाची देणार?" आपा म्हणाल्या. "वरच्या लाल घळीतून खणून आणते. ताजी, मातीसकट. मातीसकट जाळली की धूर दाट होतो, हे माझ्या सासूनं शिकवलंय."

"लाल माती," तोगझान म्हणाली. ती आता जवळजवळ नाचत होती. "लाल म्हणजे लोखंडाचा गंज. धुमसत्या मुळांबरोबर जळला की त्याचा चुंबक होतो. तो धुरात गेला, धूर बादलीला बसला, पहिल्या धारेनं धुतला गेला. पहिलं दूध म्होरकीचं. म्हणून सगळ्यात जास्त तिच्यात, आणि तेलकट काजळी चिपवरून धुऊनही निघत नाही. मग तपकिरीच्या दुधात थोडा, बुटकीच्या दुधात आणखी थोडा..."

"थांब पोरी," आपा म्हणाल्या. "म्हणजे मी तीनदा धुरी दिली म्हणून?"

"एकदाच दिली असती तर आकडा शंभराच्या आसपासच थांबला असता, आपा."

आपांचा चेहरा उतरला. त्यांना यादीनं जितकं दुखावलं नव्हतं तितकं या वाक्यानं दुखावलं, हे मला स्पष्ट दिसलं. पाहुण्यांपुढे मान राहावी म्हणून बाईनं पहाटे उठून भांडं पवित्र केलं, आणि त्याच भांड्यानं तिचं जनावर ट्रकपाशी नेऊन उभं केलं.

मी तणतणत येसेनगेल्दींकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी बिया सोलणं थांबवलं नाही.

"म्हणजे यंत्र खोटं."

"आकडा खोटा. यंत्रानं चुंबक बघितला, आणि चुंबक होता."

"शब्दांचा खेळ नको, डॉक्टर. सकाळी यंत्र म्हणालं आजारी. आता पोर म्हणतेय धूर. म्हातारी रडवेली झाली की पोरीला धूर दिसणारच. मला कसं कळावं की बोलतंय ते यंत्र की पोरीची दया?"

खरं सांगायचं तर प्रश्न रास्त होता, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. मी म्हटलं, "नवं दूध काढू. बादली नाही, काही नाही. सडातून सरळ तुमच्या हातातल्या भांड्यात."

"काढा. बाराला निघायचंय."

अकरा वाजून पाच झाले होते.

सांडणी म्हणजे गाय नव्हे. पिल्लानं आधी तोंड लावल्याशिवाय ती थेंब सोडत नाही, आणि सोडलं की मिनिट-दीड मिनिट सोडते, मग कुलूप. पिल्लू ट्रकमध्ये. ड्रायव्हर म्हणाला, चढवलेलं जनावर खाली उतरवायचा हुकूम नाही. आपांनी त्याला बाजूला सारलंही नाही; त्या फळीवरून सरळ वर गेल्या, पिल्लाच्या मानेत हात घातला आणि म्हणाल्या, "तुझ्या आईनं तुला पाजताना हुकूम विचारला होता का रे?" तो बिचारा कानापर्यंत लाल झाला. पिल्लू खाली आलं.

मी प्लास्टिकचं नवं भांडं पुढे केलं. आपांनी ते बोटांच्या टोकांनी धरलं, मेलेला उंदीर धरावा तसं.

"यात काढू? दुधाचा अपमान आहे हा."

"आपा, आजच्या दिवस."

"दूध रुसलं तर तुझ्या दारात येऊन बसेन."

पिल्लू ढुशा देत चोखू लागलं. मग पांढरीच्या सडांत दूध उतरलं, ते आपांना आमच्याआधी कळलं. त्यांनी पिल्लाला कोपरानं ढकललं, एक पाय उचलून दुसऱ्या गुडघ्यावर टेकवला, त्या मांडीवर भांडं ठेवलं आणि चौऱ्याहत्तर वर्षांची ती बाई एका पायावर उभी राहून दोन्ही हातांनी पिळू लागली. धारांचा आवाज प्लास्टिकवर कर्कश येत होता. भांडं अर्धं भरलं. येसेनगेल्दींनी ते स्वतः घेतलं.

"आता माझी एक अट," ते म्हणाले. "पोरी, तुझ्याकडे आजारी जनावराच्या दुधाची कुपी असते ना, यंत्र तपासायला?"

"आहे, अगाय. लाल बुचाची. त्यातले जंतू मारलेले आहेत."

"दे. पाच कप दे."

कपांवर त्यांनी एक ते पाच आकडे घातले आणि सगळं घेऊन ट्रकच्या मागं गेले. परत आले तेव्हा पाचही कपांत दूध होतं.

"पाचही कपांत हेच दूध आहे. एका कपात मी त्या कुपीतले तीन थेंब टाकलेत. कुठल्या, ते मला ठाऊक. सांगितलंस तर सांडणी राहील. चुकलीस तर जाईल, आणि तुझं यंत्रही."

तोगझान लगेच कामाला लागली. तिनं कोऱ्या चौकोनांची वजाबाकी परत चालू केली. यंत्रात एका वेळी सहा डब्या बसतात. पाच बसवल्या. दूध, मग तपकिरी थेंब, मग धुणं. बारा मिनिटं. आपा फळीच्या टोकाला बसल्या होत्या आणि पिल्लाचा कान चोळत होत्या. पांढरी अजून ओरडत होती, पण आता खालच्या आवाजात. माझा जीव असा टांगणीला लागला होता की मी येसेनगेल्दींच्याच बिया घेऊन सोलायला लागले.

पहिला कप: चार. दुसरा: सहा. तिसरा: तीन. मी मनात म्हटलं, चौथा, चौथाच असणार. चौथा: पाच. मग पाचवा, दुसरं काय. पाचवा: चार.

पाचही शून्याच्या आसपास. मी तोगझानकडे पाहिलं. ती छत्तीस चौकोन एकेक करून बघत होती, पाचही डब्यांचे. ओठ हलत होते.

"कुठला?" येसेनगेल्दींनी विचारलं.

मला तिचं मन दिसत होतं. पाचातला एक कप बोटानं दाखवला असता तर पाचात एक संधी होती. सहाचा आकडा सगळ्यात मोठा होता, दुसरा कप. म्हणायला काय हरकत होती? मी तिच्या जागी असते तर कदाचित म्हटलं असतं. आपा उठून उभ्या राहिल्या.

"एकही नाही," तोगझान म्हणाली.

"नीट बघ. मी टाकलंय म्हणतोय."

"नीट बघितलं, अगाय. तीन थेंबांनी आकडा चारशेच्या वर जायला हवा. सहा म्हणजे काहीच नाही. या पाचात एकही आजारी नाही. तुम्ही म्हणता तुम्ही टाकलंय. यंत्र म्हणतं नाही. मी यंत्राच्या बाजूनं आहे."

"सांडणी जाईल."

"ऐकलंय मी." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मान ताठ होती. "आता भीतीपोटी दोन नंबर म्हटलं तर सकाळची चूक परत करीन. एकही नाही."

येसेनगेल्दींनी खिशात हात घातला आणि लाल बुचाची कुपी काढून तिच्या हातावर ठेवली. बुचावरचा कागदी पट्टा जशाचा तसा होता. त्यांनी ती उघडलीच नव्हती.

मी किंचाळले. मला त्याची लाज वाटत नाही.

"थांबा," ते म्हणाले. "मेलेलं यंत्रही शून्यच दाखवतं. आता उघड ती. डबी आहे ना?"

डब्या दोन उरल्या होत्या. तोगझाननं पट्टा फाडला, पांढरीच्याच दुधात कुपीतले तीन थेंब टाकले आणि डबी लावली. ही बारा मिनिटं मी बसू शकले नाही. अंगणात चकरा मारल्या, ड्रायव्हरला उगाच दोन शब्द सुनावले, परत आले. आकडा चढत होता. ऐंशी. एकशे नव्वद. तीनशे चाळीस. चारशे सदतीसला जाऊन थांबला. कोपऱ्यांतले चार चौकोन काळे होते. ड्रायव्हरनंसुद्धा टाळी वाजवली.

आपांना आकड्यांशी देणंघेणं नव्हतं. त्या तोगझानसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"एवढंच सांग. माझी आजारी आहे की नाही?"

"नाही, आपा. ठणठणीत आहे."

आपांनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, खाली ओढलं आणि कपाळाचा दीर्घ वास घेतला, जसा लांबून आलेल्या नातीचा घेतात. मग त्या येसेनगेल्दींकडे वळल्या. "आणि तू. माझ्या अंगणात, माझ्या दुधाचे पाच कप करून या लेकराशी खोटं बोललास?"

"बोललो, आपा," ते म्हणाले. ते हसत नव्हते. "दर आठवड्याला मी ट्रक भरून नेतो. घेऊन जा म्हणणारे सगळेच भेटतात. नेऊ नका असं छातीठोक सांगणारं कुणी आहे का, ते बघायचं होतं." त्यांनी यादी माझ्यापुढे धरली. "तुम्ही लिहिलंत, डॉक्टर. तुम्हीच खोडा."

मी खोडलं. इतक्या जोरात की कागद फाटला.

बारा वाजून वीस मिनिटांनी ट्रक रिकामा गेला. दुपारच्या धारांची वेळ झाली होती. पांढरी सडं भरून उभी होती, आणि मी सवयीनं पिल्लाला धरून मागं ओढायला गेले. आपांनी माझा हात झटकला.

"सोड त्याला. आज घराला दूध नको."

त्या दुपारी पांढरीखाली कुणी भांडं धरलं नाही. पिल्लू पोट फुगेपर्यंत प्यालं आणि तिथंच तिच्या पायांत झोपलं.